शेतातलं हॉटेल आणि मार्केट यार्डातली वांगी

पुण्याहून येताना खंबाटकी ओलांडली की पाट्या सुरू होतात. चुलीवरची भाकरी. गावरान कोंबडी. थेट शेतातून ताटात. सुरूर फाट्यापासून कराडपर्यंत महामार्गाच्या दोन्ही अंगांना अशी हॉटेलं आहेत. बाहेर बैलगाडीचं चाक, आत बाजा, भिंतीवर वारली चित्रं (साताऱ्यात वारली का, हे विचारायचं नाही). मागे खरोखरचा ऊस उभा असतो. आणि तरीही ताटातलं भरलं वांगं बऱ्याचदा पुण्याच्या मार्केट यार्डात जाऊन परत आलेलं असतं.

यात कुणी लबाडी केलेली असतेच असं नाही. वांगं एवढा हेलपाटा का घालतं ते कळलं, की शेतातून थेट ताटात आणणं म्हणजे नेमकं काय आणि ते एवढं अवघड का, हेही कळतं.

कोरेगावकडच्या एखाद्या गावात दुपारनंतर वांगी तोडतात. किडकी-वाकडी बाजूला काढून क्रेट भरतात. संध्याकाळी टेम्पो गावातून फिरतो, प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी लावलेले क्रेट उचलतो आणि रात्रीतून गुलटेकडी, म्हणजे पुण्याचं मार्केट यार्ड, गाठतो. पहाटे माल विकला जातो, पट्टी (विक्रीचा हिशोब) होते, शेतकऱ्याला फोन येतो. त्याच पहाटे दुसरा एक टेम्पो हॉटेलांसाठी भाजी भरून साताऱ्याकडे निघतो. त्यात कोरेगावची वांगी असू शकतात, पुरंदरची असू शकतात, आणखी कुठलीही.

आता हॉटेलमालकाच्या गल्ल्यावर बसून बघा. त्याला रोज बारा किलो वांगी लागतात, आणि तीही एकाच आकाराची, कारण प्लेटमध्ये चार वांगी जातात आणि एका टेबलावर मोठी, दुसऱ्यावर बारकी गेली की बोलणी खावी लागतात. सोबत फ्लॉवर, कोथिंबीर, मिरची, लिंबं, टोमॅटो. पुरवठादाराला रात्री एक फोन केला की सकाळी सगळं दारात, आणि पैसे पंधरवड्याने. शेजारच्या शेतकऱ्याकडे आज तीनशे किलो वांगी आहेत, तीन आठवड्यांनी एकही नसेल. मिरची त्याच्याकडे नाहीच. आणि त्याला पैसे रोख हवेत.

शेतकऱ्याच्या बाजूनेही हिशोब तसाच. तीनशेतले बारा किलो हॉटेलला दिले, मग उरलेल्या दोनशे अठ्ठ्याऐंशीचं काय? ते टेम्पोतच जाणार. टेम्पो येणारच आहे तर बारा किलोसाठी वेगळी खटपट कशाला?

म्हणजे मार्केट यार्ड नुसता भाव ठरवत नाही. दहा गावांचा माल गोळा करणं, त्याची प्रतवारी, एकाकडे नसेल तर दुसऱ्याचा देणं आणि मधल्या काळात पैसा फिरवत ठेवणं, ही सगळी कामं तिथे होतात. ‘मधले दलाल काढले की शेतकरी सुखी आणि गिऱ्हाईकही सुखी’ हे वाक्य भाषणात बरं वाटतं. आडत्याला बाजूला करता येतं, पण आडत्याचं काम कुणाला तरी करावंच लागतं. खरं शेत-ते-ताट हॉटेल ते काम स्वतःच्या अंगावर घेतं. माझ्या मते साधं हॉटेल आणि हे हॉटेल यांतला फरक अंतरात नाही, इथेच आहे. पीक जास्त आलं, कमी आलं, वेळेवर नाही आलं, तर त्याची झळ कुणी सोसायची? साध्या हॉटेलात ती पूर्ण शेतकऱ्याने सोसायची असते. इथे थोडी मालकाने आणि थोडी जेवायला येणाऱ्यानेही सोसायची असते.

कॅलिफोर्नियात हे कसं सुरू झालं

या पद्धतीची चर्चा होते तेव्हा एक नाव हटकून येतं: ॲलिस वॉटर्स. १९७१ मध्ये तिने कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावात ‘शे पनीस’ हे रेस्टॉरंट सुरू केलं. अमेरिकेत तेव्हा डबाबंद आणि गोठवलेल्या भाज्यांचा जमाना होता. तिने रोज रात्री एकच ठरलेला बेत ठेवला आणि तो त्या दिवशी बाजारात काय चांगलं मिळालं त्यावर ठरवला. पुढे तर चांगला माल पिकवणारे शेतकरी शोधत फिरण्यासाठीच माणूस नेमला. इटलीत १९८६ मध्ये, रोममध्ये मॅकडोनाल्ड्स येणार म्हणून झालेल्या विरोधातून, कार्लो पेत्रिनी यांची ‘स्लो फूड’ चळवळ उभी राहिली. तिचा रोख स्थानिक वाण आणि स्थानिक रांधप टिकवण्यावर होता.

यातलं आपण घेतलं काय? बैलगाडीचं चाक. ‘आज जे मिळालं तेच’ हा मूळ मुद्दा मात्र मागे राहिला, कारण आपल्या हॉटेलातलं मेनूकार्ड लॅमिनेट केलेलं असतं. त्यावर बारा महिने पनीर बटर मसाला असतो आणि बारा महिने वांग्याचं भरीत.

साताऱ्याचं रान वर्षभर काय देतं

बाराही महिने तेच ताट मागितलं तर रान ते देऊ शकत नाही. पावसाळ्यात डोंगराच्या कडेने, म्हणजे जावळी, पाटण, महाबळेश्वरकडे, कुर्डू, टाकळा अशा रानभाज्या येतात. पाऊस ओसरताना कोरेगावकडे वाघ्या घेवडा निघतो. अंगावर वाघासारखे पट्टे असलेल्या या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तरी महामार्गावरच्या पाट्यांवर तो क्वचितच दिसतो. दिवाळीनंतर मग चैन: वांगी, पावटा, हरभऱ्याचा पाला, गाजर, मेथी, वर महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी. ही सुगी फेब्रुवारीपर्यंत टिकते.

खरी परीक्षा मे महिन्यात. माण-खटावच्या बाजूला तेव्हा रान उघडं पडलेलं असतं. तिथली घरं शतकानुशतकं उन्हाळ्यात जेवली ती वाळवणावर आणि कडधान्यांवर. हुलग्याचं माडगं, शेंगोळी, सांडग्याची आमटी, मटकीची उसळ, शेंगदाण्याचा म्हाद्या, कैरीचं काहीतरी आंबट. पाणी नसलेल्या मुलखाने शिजवायला शिकलेलं हे अन्न चवीला जबरदस्त आहे. पण मे महिन्यात पुण्याहून आलेल्या गिऱ्हाईकापुढे शेंगोळी ठेवायला छाती लागते. कारण ‘शेतातलं ताजं’ म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे हिरवंगार काहीतरी येतं.

ताजं म्हणजे चांगलं, हेही सरसकट खरं नाही. मक्याचं कणीस तोडल्याबरोबर त्यातली साखर पिठूळ स्टार्चमध्ये बदलू लागते, आणि उन्हाच्या दिवसांत हे फार वेगाने होतं. मटारचं तसंच. पालेभाजी तोडल्यापासून पाणी आणि जीवनसत्त्व क गमावत जाते. अशा मालाला शेताजवळचं हॉटेल म्हणजे वरदान. पण कांदा सुकवावा लागतो, बटाट्याची साल पक्की व्हावी लागते, वाळलेला घेवडा वर्षभर टिकतो, आणि मोकळा भात हवा तर जुना तांदूळच बरा. शाळू (रब्बीची ज्वारी) चांगला वाळला नसेल तर त्याला कीड लागते. यांना काल काढलं की दोन महिन्यांपूर्वी, याने ताटात काही फरक पडत नाही.

मध्येच बसते ती स्ट्रॉबेरी, आणि हे उदाहरण नीट समजून घेण्यासारखं आहे. आंबा, केळी, टोमॅटो ही फळं झाडावरून उतरल्यावरही पिकत राहतात. म्हणून टोमॅटो थोडा कच्चा तोडून लांब पाठवता येतो आणि वाटेत तो लाल होतो. स्ट्रॉबेरीचं तसं नाही. देठापासून सुटली त्या क्षणी तिची गोडी थांबली. नंतर रंग थोडा गडद होईल, मऊ पडेल, पण गोड होणार नाही. मुंबईला पाठवायची तर ती पूर्ण पिकण्याआधी, थोडी टणक असतानाच तोडावी लागते, नाहीतर पनेटमध्ये, म्हणजे पॅकिंगच्या छोट्या डबीत, रस होतो. म्हणजे गोडी आणि टिकाऊपणा यांतलं एकच काहीतरी निवडता येतं. देशातली बहुतांश स्ट्रॉबेरी महाबळेश्वरच्या या पट्ट्यात होते, २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं, पण तिची पुरेपूर चव कळायची असेल तर भिलारच्या एखाद्या वावरात देठापर्यंत लाल झालेलं फळ तिथल्या तिथे तोंडात टाकावं लागतं. वावराकडे जायला हे खरं कारण आहे. मिल्कशेक पुण्यातही मिळतो.

हुरड्याचं गणित

आपल्याकडे ही पद्धत कुणी न शिकवता, व्यवस्थित चालू आहे ती हुरड्यात. शाळूचं कणीस दुधाळ अवस्था ओलांडून दाणा जरा घट्ट झाला, पण हिरवटच आहे, अशा वेळी तोडायचं. एका वावरात ही अवस्था जेमतेम आठ-दहा दिवस टिकते. पुढे दाणा कडक होतो आणि त्याची भाकरीच करावी लागते.

जमिनीत खळगा करून त्यात गोवऱ्या पेटवतात, ती आगटी. धूर जाऊन निखारे धरले की कणसं राखेत खुपसायची, फिरवत राहायची. एक जण भाजतो आणि दुसरा चोळतो. चोळणाऱ्याचा तळवा एव्हाना घट्टा पडून जाड झालेला असतो, तरी तो मधून मधून हात झटकतो. कणीस चटका देत असतानाच चोळावं लागतं, गार झालं की दाणा सुटत नाही. मग सुपात घोळून कोंडा फुंकायचा आणि मूठभर दाणे समोरच्या पानावर. लसणाची, जवसाची चटणी, दही, गूळ, बाजूला हरभऱ्याचा डहाळा. पाच मिनिटांत खाल्ला नाही तर मऊपणा गेला.

हे इथेच का जमतं ते बघा. हुरडा लांब पाठवता येत नाही, म्हणून मार्केट यार्ड स्पर्धेतच नाही. गिऱ्हाईक आधी फोन करून येतं, म्हणून किती कणसं तोडायची ते आदल्या दिवशी कळतं. जानेवारीत हुरडा असतो आणि एप्रिलमध्ये नसतो, हे येणाऱ्याला माहीत असतं, तो कुरकुर करत नाही. आणि शेतकरी हुशारीने पेरणी आठ-आठ दिवसांच्या टप्प्याने करतो, म्हणजे एका तुकड्यातला दाणा कडक झाला की दुसरा तयार. गूळभेंडीसारखा हुरड्यासाठीचा गोड वाण मुद्दाम वेगळा पेरतो. ज्वारी म्हणून विकली असती त्यापेक्षा या तुकड्याचे पैसे कितीतरी जास्त होतात, आणि कडबाही जनावरांना राहतो. वांग्याला यातलं काहीच लागू होत नाही, म्हणून वांग्याचं हॉटेल अवघड.

पैसा जातो कुठे

आकडे समजण्यापुरते घेऊ. २५० रुपयांची थाळी आहे. हॉटेलच्या धंद्यात कच्च्या मालावर किमतीचा साधारण तिसरा हिस्सा खर्च व्हावा असा ढोबळ नियम आहे, म्हणजे ८० रुपये. त्यात तेल, डाळ, दही, पीठ, मसाला आला. भाजीपाला धरा २० रुपयांचा. आता मालकाने शेतकऱ्याला बाजाराच्या दीडपट भाव दिला, तर थाळीमागे १० रुपये वाढले. थाळी २६० ची झाली. एवढंच!

मग अशा ठिकाणी थाळी चारशेला का? सगळीच लूट नसते. सहा शेतकऱ्यांकडून माल आणायला गाडी रोज फिरते. मातीसकट आलेली, लहान-मोठी भाजी निवडायला दोन बायका जास्त लागतात. पंगत कमी आली तर पाला फेकावा लागतो. शिवाय भाकरी. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा देणारं ग्लुटेन नसतं, त्यामुळे पीठ आधी मळून गोळे ठेवून चालत नाही. गरम पाण्यात तेवढ्यापुरतं मळायचं, थापायचं, तव्यावर टाकून पाणी फिरवायचं, लगेच वाढायचं. रविवारी दुपारी शंभर माणसं बसली की तीन चुली आणि तीन तरबेज हात लागतात. भाजी कुठूनही आणता येईल, पण चांगली भाकरी थापणारी मावशी मिळणं हीच आज या धंद्यातली सगळ्यात मोठी अडचण आहे, असं दोन-तीन मालकांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. त्यातले एक वडूजकडचे. त्यांच्या मावशी लग्नसराईत आठवडाभर गावाला गेल्या, तर त्यांनी त्या आठवड्यात थाळीच बंद ठेवली. गिऱ्हाईकाला फोनवर सांगत होते, “न्हाई दादा, मावशी आल्याव या.”

शेतकऱ्याची अडचण निराळी. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर जून होते. हॉटेलला ती शनिवार-रविवारी हवी असते. म्हणून आठवड्यातले दोन तोडे हॉटेलला आणि बाकीचे आठवडी बाजाराला, अशी विभागणीच परवडते. सगळा माल एका हॉटेलच्या भरवशावर पेरणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

कृष्णेच्या काठची बागायत भाजीकडे का वळत नाही याचं उत्तरही इथेच आहे. उसाला गिऱ्हाईक ठरलेलं आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. प्रत्यक्षात त्यासाठी आंदोलनं करावी लागतात हे खरं, पण बोट ठेवायला कायदा तरी आहे. हॉटेलच्या उधारीला काय आहे? म्हणून जिथे हे जुळून आलंय तिथे एक गोष्ट सारखी दिसते. पेरणीच्या आधी बसून बोलणं झालेलं असतं. दहा गुंठे वांगी, आठवड्याला इतकी, भाव वर्षभर हा, बाजार वर गेला तरी हाच आणि पडला तरी हाच, पैसे दर सोमवारी.

कागदपत्रं थोडक्यात

जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, त्यामुळे शेतकऱ्याने हॉटेलला बांधावरून थेट माल देण्यात कायद्याची आडकाठी नाही. शिजवून विकायचं तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना लागतो. त्याचा १४ अंकी क्रमांक दर्शनी भागात असायला हवा. स्वतःच्या शेतात पाहुणे उतरवून जेवू घालायचं असेल तर २०२० चं राज्याचं कृषी पर्यटन धोरण आहे, त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: शेतीचं उत्पन्न आयकरमुक्त आहे, पण तीच वांगी शिजवून थाळीत वाढली की तो धंदा झाला. त्याचा हिशोब वेगळा ठेवावा.

खरं-खोटं कसं ओळखायचं

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात एका वृत्तपत्राच्या खाद्यसमीक्षक बाईने स्थानिक रेस्टॉरंटांच्या फळ्यांवर लिहिलेल्या शेतांना एकेक करून फोन लावले. काही शेतांनी सांगितलं, आम्ही यांना कधी माल दिलाच नाही, काहींनी सांगितलं, पूर्वी देत होतो. तेव्हा ही थाप फक्त आपल्याकडचीच नाही.

आपल्याकडे साधा गुणाकार कामाला येतो. ब्रॉयलर कोंबडी सहा आठवड्यांत तयार होते, अस्सल गावरानला चार-पाच महिने लागतात. एखादं हॉटेल रोज वीस गावरान कोंबड्या कापत असेल तर पाच महिन्यांच्या, म्हणजे १५० दिवसांच्या हिशोबाने, कुठेतरी सतत तीन हजार पक्षी वाढत असायला हवेत. मागच्या अंगणात दोन कोंबड्या आणि एक कोंबडा फिरताना दिसले म्हणून भागत नाही. बहुतेक वेळा समोर येते ती डीपी क्रॉससारखी संकरित, रंगीत पिसांची कोंबडी. ती खायला वाईट नसते, फक्त तिला गावरान म्हणू नये आणि तो भाव लावू नये.

भाजीच्या बाबतीत मी मेनूकार्डाऐवजी फळा शोधतो. खडूने लिहिलेला, मध्येच एखादा पदार्थ पुसलेला असेल तर बरं वाटतं. ‘आज वांगं संपलं’ किंवा ‘पावटा अजून भरला नाही’ असं वाढप्याने सांगितलं, तर मागे खरंच कुठलं तरी रान आहे. कुठल्या गावचं, असं विचारलं तर उत्तर पटकन यायला हवं. ऑगस्टमध्ये स्ट्रॉबेरी विथ क्रीम असेल तर ती गोठवलेली आहे, एवढं समजून खावं.

ज्यांना असं काही सुरू करायचंय त्यांना मी पूर्ण थाळी शेतातली करायच्या फंदात पडू नका असंच सांगतो. तीन वस्तू धराव्यात. शाळू, कारण तो साठवता येतो आणि एका सुगीत वर्षाचा घेता येतो. वाघ्या घेवडा किंवा हुलगा, त्याच कारणासाठी. आणि हंगामातली एक भाजी, जी गावातल्या दोघा-तिघांकडून बोलून ठेवलेली आहे. दूध-दही जवळचं मिळालं तर सोन्याहून पिवळं. या तिन्हींच्या पुढे फळ्यावर गावाचं नाव लिहावं, आणि खाली तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहावं: बाकी भाजी सातारा मार्केट यार्ड.